सिस्टरची वही

"या कधीपासून अशा?" डॉक्टरांनी विचारलं.

मास्तरांनी शेजारी बसलेल्या बहिणीकडे पाहिलं. भर उन्हाळ्यात अंगात लोकरी स्वेटर. एका पायात निळी चप्पल, दुसऱ्यात तपकिरी. केसांचा पार झाडू झालेला. असं ध्यान समोर आलं की कुणाला काही विचारावं लागत नाही. डॉक्टरही विचारत होते ते फक्त फॉर्म भरायचा म्हणून.

"नवरा गेल्यापासून. दोन वर्षं झाली. तेव्हा महिनाभर इथेच दाखल होती. मग मी घरी आणली."

एकदा वेड्यांच्या दवाखान्यात दाखल झालेल्या माणसाचं पुढे काही खरं नसतं. त्याला ठेच लागली तरी डोक्यात दोष, आणि भूक लागली तरी डोक्यातच दोष!

मास्तरांचं शिवणकामाचं दुकान तळाला, वर राहतं घर आणि त्याच्याही वर बहिणीची खोली. मास्तरांची पाच वर्षांची मुलगी तिला आत्या म्हणायची, म्हणून गल्लीही तिला आत्या म्हणायची. तोंडावर. पाठ फिरली की वेडी.

आणि मास्तरांची बायको? तिला सगळे सिस्टर म्हणत. बारा वर्षं इस्पितळात नर्स. कडक इस्त्रीची साडी, हसरा चेहरा, आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नाही. गल्लीत कुणाला इंजेक्शन द्यायचं असो की कुणाचं ब्लडप्रेशर बघायचं असो, सिस्टर हजर. "सिस्टर आहे म्हणून त्या वेडीचं निभावतंय," बायका म्हणत. "दुसरी असती तर केव्हाच हाकलून दिली असती." लोकांना माणसं कशी अगदी बरोबर ओळखता येतात!

"काही नोंदी ठेवल्यात का?" डॉक्टरांनी विचारलं.

मास्तरांनी पिशवीतून वही काढली. "बायकोनं ठेवल्यात. इस्पितळाची सवय. तारीख, वेळ, सगळं."

डॉक्टर वाचू लागले. तारीख चार, दुपारी एक. आत्याने मुलीच्या हातातला दुधाचा पेला हिसकावून मोरीत ओतला. तारीख नऊ, सकाळी आठ. मुलीला घेऊन दोन तास खोलीत कोंडून घेतलं. तारीख तेरा. मुलीला उलट्या, ग्लानी. आत्याने काहीतरी चारलं. प्रत्येक नोंदीखाली सही.

"काय अक्षर आहे!" डॉक्टर म्हणाले. "आमच्या स्टाफनं शिकायला हवं. मुलगी किती वेळा आजारी पडली?"

"सहा महिन्यांत चौथ्यांदा. पोर निम्म्यावर आलीय हो. आजही तापानं फणफणलीय." मास्तरांनी हात जोडले. "मला बाकी काही नको, डॉक्टर. माझी पोर वाचली पाहिजे."

"यांना तिच्यापासून लांब ठेवा. वाचेल. मिसेस का नाही आल्या?"

"तिला सांगितलंच नाही मी. ती ऐकायचीच नाही. 'माझ्या जिवात जीव आहे तोवर वन्सांना वेड्यांच्या दवाखान्यात पाठवू देणार नाही,' म्हणते. सोन्यासारखी बाई आहे. म्हणून मग कापड आणायला जातो असं सांगून हिला मागच्या जिन्यानं गुपचूप आणली. जेवली की ही वर जाऊन दार लावून घेते, ते पाच वाजेपर्यंत उघडत नाही. तोवर बायकोला कळायचंसुद्धा नाही. संध्याकाळी सांगेन, रडेल थोडी."

डॉक्टर आत्याकडे वळले. "काय हो, दिवसभर काय करता?"

"दुपारी दादा घरी असतो तेवढी झोपते. बाकी वेळ जिन्यात बसते."

"जिन्यात? कशाला?"

"पोरीवर पहारा करते."

"असं होय! कुणापासून?"

आत्या भावाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सांगितलं तर वेडी म्हणाल."

डॉक्टर हसले. फॉर्मवर त्यांनी 'संशयी वृत्ती' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"मी राहते इथे," आत्या म्हणाली. "तुम्ही म्हणाल तितके दिवस राहते. पण दादाला आधी घरी सोडा. आम्ही दोघंही इथे बसलोय, घरी पोर एकटी आहे."

"एकटी कुठे? आई आहे ना तिची," मास्तर खेकसले. खेकसले आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. लहानपणी हिला खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं त्यांनी. पण पोटच्या पोरीपुढे कुणाचा इलाज चालतो?

त्यांनी सही केली. डॉक्टरांनी शिक्का मारला. दोन आया आल्या, त्यांनी आत्याला दोन्ही दंडांना धरून उठवलं. ती ओरडली नाही, हिसडे दिले नाहीत. दारापर्यंत मुकाट चालत गेली. मास्तरांना हायसं वाटलं. सुटलो एकदाचे, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. घरून होता.

"अहो, असाल तिथून निघा," सिस्टर म्हणाली. नेहमीसारखाच शांत आवाज, एकेक शब्द सुटा. "पोरगी उठत नाहीये. वन्सांनी तिला दूध पाजलं. आत्ता, दहा मिनिटांपूर्वी, माझ्या डोळ्यांदेखत. मी धावले तशा वर पळाल्या आणि आतून कडी लावून बसल्यात."

मास्तरांनी फोन कानाला तसाच धरून दाराकडे पाहिलं. दारात दोन आयांच्या मध्ये उभी असलेली आत्या मागे वळली.

"वहिनीचा फोन ना रे, दादा?" तिने विचारलं. "पोर बरी आहे ना?"