मागची बाजू

"मागची बाजू रिकामी आहे," दादा म्हणाला. "तिच्यात वेळ घालवू नका."

संग्रहालयाच्या संग्रहपाल बाईंनी फ्लॉपी दिव्यासमोर धरली. त्यांच्या हातांत पांढरे मोजे होते आणि चेहऱ्यावर समारंभाला साजेशी भक्ती. "रिकामी असली तरी वाचायची, असा आमचा नियम आहे. शिवाय या कडेलाही कुणीतरी कात्रीनं खाच पाडलीय. म्हणजे मागं कधीतरी लिहिलं गेलंय."

"अहो, तेव्हा फ्लॉप्या केवढ्या महाग!" दादा श्रोत्यांकडे वळला. "खाच पाडून एकीच्या दोन करायचो आम्ही. पुढची बाजू माझी, मागची हिची." त्याने पहिल्या रांगेतल्या बहिणीकडे हात केला. "पण आमची विसरभोळी! खाचेवर पट्टी लावायची राहिली, आणि हिचं सगळं पुसलं गेलं."

सभागृह हसले. तीही हसली. या विनोदावर हसण्याचा तिचा सराव दांडगा होता.

पुढच्या बाजूचे वाचन नुकतेच झाले होते. पडद्यावर एक मुंगी साखरेचा दाणा ओढत स्वयंपाकघराच्या फरशीवरून चालली होती आणि तिच्या डोक्यावर दादाचे नाव झळकत होते. याच मुंगीने त्याला पहिली नोकरी मिळवून दिली, मग कंपनी, मग पाठ्यपुस्तकातला धडा. घरच्या संगणकावर एका पोराने रचलेला खेळ आता ठेवा झाला होता, आणि ठेव्यासाठी काचपेटी पुसून तयार होती. फ्लॉपी यंत्रात घालण्यापूर्वी संग्रहपाल बाईंनी पुढच्या खाचेवर कागदी पट्टी चिकटवली होती आणि उपस्थित अज्ञजनांना कारणही सांगितले होते: खाच उघडी असली की यंत्र त्या बाजूवर लिहू शकते, जुने पुसू शकते, झाकलेली असली की ब्रह्मदेव आला तरी तिथे नवे अक्षर उमटत नाही.

तिला हे शाळेत असल्यापासून ठाऊक होते. मुंगी मुळात तिचीच होती. फरशीच्या चौकटी तिने मोजल्या होत्या, मुंगीचे पाय तिने चालवले होते. मग एके दिवशी दादा पडेल चेहऱ्याने म्हणाला, "खाच उघडीच होती गं. माझ्याकडून चुकून वर लिहिलं गेलं." तिला मात्र स्वच्छ आठवत होते: आईच्या नागमोडी धारेच्या शिवणकात्रीने हिरवी चिकटपट्टी कापली, कडेवर दुमडली, नखाने दाबून बसवली. "लावायचं मनात असेल, लावली नसशील," आई समजुतीने म्हणाली. "ठके, यंत्रापुढं विसरभोळ्या माणसांचं काम नाही," बाबा म्हणाले, आणि संगणक दादाबरोबर वसतिगृहावर गेला. तिथे त्याने म्हणे महिनोन्महिने खपून मुंगी नव्याने रचली. हिने गमावले, त्याने उभे केले. तेव्हा ते त्याचे, हा न्याय तिलाही पटला. ती त्याची ऋणी राहिली. गणित तिने सोडले. कुलूप पुन्हा ओढून पाहायला ती अर्ध्या जिन्यातून माघारी फिरू लागली. कचेरीत बढती आली तेव्हा "माझ्या हातून काहीतरी राहून जाईल" म्हणून तिनेच नकार दिला. हिरव्या पट्टीची आठवण तेवढी अधूनमधून डोके वर काढी. खोट्या साक्षीदाराला हाकलावे तशी ती तिला हाकलून देई.

फ्लॉपी उलटी होऊन यंत्रात गेली. थोडा वेळ नुसती खरखर झाली. मग पडद्यावर मुंगी आली. तीच फरशी, तोच दाणा. वर अक्षरे उमटली: ठकीची मुंगी.

सगळ्या माना दादाकडे वळल्या. दादाने एक श्वास घेतला. त्याला तेवढा पुरला.

"अरे देवा!" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज हवा तिथेच ओलावला. "नव्यानं रचली ना, तेव्हा पहिल्यांदा हिच्याच बाजूवर उतरवली होती मी. हिच्याच नावानं. फार रडली होती हो बिचारी."

टाळ्या झाल्या. कुणीतरी डोळे टिपले. "भावानं जपलेलं बहिणीचं नाव!" संग्रहपाल बाई सद्गदित झाल्या. "पेटीखाली हेच लिहू या."

ती उठून मंचावर गेली. "बघू का जरा?"

"हात नका लावू हं. नुसती बघा."

तिने चष्मा चढवला. मागच्या बाजूच्या खाचेवर हिरवी पट्टी होती. रंग विटला होता, पण दोन्ही टोकांची नागमोड शाबूत होती.

"ही नंतर कुणी काढून पुन्हा लावली असेल का?" तिने विचारले.

"छे, छे! डिंक बघा ना, कसा एकसंध वाळलाय. एकदा बसवली ती बसवली." बाई कौतुकाने म्हणाल्या. "ज्यानं लावली, त्यानं फार निगुतीनं लावलीय."

ती वळली. तिचा आवाज चढला नाही. चढवण्याची सवयच राहिली नव्हती.

"दादा, मी पट्टी लावली होती."

दादाने फ्लॉपीकडे पाहिले नाही. त्याने समोरच्या माइककडे पाहिले. तो चालू होता. मग तो तिच्याकडे पाहून हसला, थोरल्या भावाने हसावे तसा.

"असेल गं," तो म्हणाला. "एवढं जुनं कुणाच्या लक्षात राहतं?"