एन्झाइमची खोड

दुरुस्त केलेला आलेख पडद्यावर आला आणि ताईचा खड्डा गायब होता.

प्रयोगशाळेत सगळेच तिला ताई म्हणत. तिचा सख्खा धाकटा भाऊ पूर्वी तिच्याच हाताखाली काम करायचा, त्याचं ऐकून सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. तिची पद्धत साधी होती. एन्झाइम डीएनए कापतं. जिथे एखादं प्रथिन ठाण मांडून बसलंय तिथे त्याला कापता येत नाही, आणि आलेखात खड्डा दिसतो. अशाच एका खड्ड्यावर तिने नाव कमावलं होतं. आजार सुरू करणारं प्रथिन इथेच बसतं, असं छातीठोकपणे सांगितलं होतं.

"ताई, एन्झाइमलाही खोडी असतात," भाऊ तेव्हा म्हणाला होता. "काही ठिकाणी ते मुळात कापतच नाही. प्रथिनं काढून टाक आणि नुसता डीएनए कापून बघ. खड्डा तिथेही दिसला तर तो एन्झाइमचा."

"तुझ्या पोटात दुखतंय, दुसरं काही नाही," ती सगळ्यांदेखत म्हणाली होती. तो पुढे दुसऱ्या शहरातल्या औषध कंपनीत नोकरी धरून निघून गेला. मग उरले वाढदिवसाचे फोन, तेही आईच्या धाकाने.

नव्या लेखाचे परीक्षक हीच तपासणी हवी म्हणून हटून बसले, तेव्हा तिने आता नाक मुरडत नुसता डीएनए कापला. तिथे चिटपाखरूही बसलेलं नव्हतं, तरी खड्डा तोच, तेवढाच. एन्झाइमची खोड आकड्यांतून वजा केली, तर मागे सपाट रेघ उरली.

तिला फार लाज वाटली. खड्ड्याची कमी, 'पोटात दुखतंय'ची जास्त. नाव गेलं तर जाऊ दे, निदान भाऊ तरी परत मिळेल, असं म्हणत तिने फोन लावला.

"तुझंच खरं निघालं. खड्डा एन्झाइमचाच होता. मी उगाच तुला तोडून बोलले रे. चुकलं माझं."

पलीकडची यंत्रांची घरघर मागे पडली; तो फोन घेऊन बाहेर आला होता.

"अगं, पण मी माझा हेका केव्हाच सोडला," तो हळूच म्हणाला. "म्हटलं, ताई एवढं ठासून सांगतेय म्हणजे असणारच. इथे आलो तो तुझ्या त्या खड्ड्याच्याच जागेवरचं औषध करायला. इतकी वर्षं तेच करतोय."