बारसं

धरमतरच्या खाडीत काळुरामच्या जाळ्यात पिवळ्या ठिपक्यांचा एक मासा आला. गावात कुणी तसला मासा कधी पाहिला नव्हता.

"आपलं पाणी तापलंय ना, म्हणून लांबच्या गरम समुद्रातले पाहुणे येतात," काळुराम म्हणाला.

"नाव काय ह्याचं?" बायकोनं, चंद्रावतीनं विचारलं.

तो हसला. "आधी कालवण कर गो. चव कळली की बारसं करू."

त्या दिवशी चंद्रावतीला उपास होता, म्हणून घरात ती तेवढी वाचली.

वर्षानं ती पेणच्या बाजारात मासे विकायला बसली. टोपलीत तोच ठिपक्यांचा मासा दिसला आणि तिचा हात थबकला. शेजारी बसलेली परगावची पोरगी म्हणाली,



"फेकून दे गो मावशी, विषारी हाय तो. अख्खी खाडी त्याला काळुराम बोलते."