फक्त संशोधनासाठी

माझी बहीण गौखर चार दिवसांपासून दवाखान्यात आहे. घोड्याचं मांस पचवणाऱ्या पोटात पाणीसुद्धा ठरत नाही. डॉक्टर विचारताहेत, तिनं टोचून घेतलं ते काय होतं? म्हणून मी रिकामी कुपी तिच्या खोक्यासकट घेऊन अल्माटीच्या बाजारातलं दौरेनचं दुकान गाठलं. यानंच ते तिला विकताना सांगितलं होतं, दोन हार्मोनचं काम एकच औषध करतं, वजन उतरतं, यकृतावरची चरबीही झडते. आता त्यानं कुपीवरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. “आपा, वाचा ना. फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही. आम्ही उंदरांसाठी विकतो. तिनं टोचून घेतलं, त्याला मी काय करू?” माझं डोकंच फिरलं. कुपीचं खोकं उलटं करून त्याच्यासमोर आपटलं. त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘दर शुक्रवारी पोटात टोचा, लग्नाचं जेवण असेल तर शनिवारी.’ “दौरेन, तुझ्या उंदरांना लग्नाची आमंत्रणं कोण धाडतं रे?”