जूनमधला फरकोट

"तूही जरा निरुपयोगी हो ना!" ट्रंक बांधता बांधता हेडविग नवऱ्याला म्हणाली. "तुझ्याबरोबरच्या त्या कुंत्सनं इथं नुसत्या पेन्सिली झिजवल्या, तर कंटाळून रशियनांनी त्याला जर्मनीला परत धाडलं."

ड्रेस्लरनं मान डोलावली. दुसरं महायुद्ध संपल्यावर जेट इंजिन बनवून घ्यायला रशियनांनी या जर्मन इंजिनिअरला बायको आणि पियानोसकट उचलून व्होल्गाकाठी आणून ठेवलं होतं. घरी जायचं तर इंजिन फसू द्यायचं, एवढी अक्कल त्यालाही होती.

चाचणीच्या दिवशी तो खिशात हात घालून उभा राहिला. इंजिन किंचाळू लागलं. त्या किंकाळीत एक बारीकशी थरथर होती. टर्बाइनचं पातं तडकलं होतं, आणि ते फक्त त्यालाच ऐकू आलं. रशियन इंजिनिअर निवांत चहा पीत होते. थोडा वेळ गप्प राहिला असता, तर सुटला असता. पण बेसूर इंजिन सहन करील तर तो ड्रेस्लर कसला!

"बंद करा, गाढवांनो!" तो ओरडला. पातं त्यानं स्वतः बदललं, आणि इंजिन दिमाखात पास झालं.

कारखान्याच्या संचालकांनी त्याला मिठीच मारली. "मग आम्ही घरी कधी जायचं?" त्यानं हसत विचारलं.

"जाल हो, ड्रेस्लरसाहेब, घाई काय आहे?" म्हणत त्यांनी त्याच्या अंगावर जाडजूड फरकोट चढवला. "येत्या हिवाळ्यात लागेल."

बाहेर जूनचं ऊन रणरणत होतं. घामाघूम नवऱ्याला कोटात बघून हेडविगनं ट्रंकेचा दोर सोडला.

ड्रेस्लर आरशासमोर उभा होता. "डाव्या बाहीची शिवण वाकडी आहे," तो म्हणाला. "सुई दे."