काचेतलं पाणी

कोळशाच्या ढिगावर गवत उगवलंय.

झेंडूचे बारा हार, एका पोत्यात.

नोटीस : कोणालाही कामावरून कमी केले जाणार नाही.

धुराड्यावर हल्ली घार बसते.

सोमवारी इद्रिस वरच्या ऑफिसात गेला. बावीस मिनिटं.

ती कोंडीरामने घड्याळावर मोजली होती.

साजगावच्या कागद कारखान्यात आज खंडेनवमी. ज्याचं मशीन, त्याचा हार. कोळशाचा बॉयलर एकोणीस वर्षं या दोघांचा. एकाने कोळसा लोटायचा, दुसऱ्याने बॉयलरवरच्या मापाच्या काचेतलं पाणी उतरत नाही ना ते बघायचं, तासाने अदलाबदल. हार कोंडीराम घालायचा, पेढे इद्रिस वाटायचा. आठ दिवसांपासून हा बॉयलर बंद होता. शेजारी विजेवरचा नवा उभा, अंगावर अजून प्लास्टिक. त्याला एकच माणूस लागणार होता. प्रशिक्षणाला एकाचंच नाव जाणार होतं. दुसऱ्याने गोडाऊनमध्ये कंत्राटावर जायचं.

इद्रिस त्या बावीस मिनिटांबद्दल बोलला नाही. कोंडीरामने विचारलं नाही. मंगळवारी इद्रिसने डब्यातली सुकटीची चटणी त्याच्यापुढे सरकवली, न मागता. बुधवारी पुन्हा. कोंडीरामने ती खाल्ली, पण त्याच्या तोंडाकडे बघत.

सुपरवायझर सुनील हार देऊन थांबला. नाव आजच कळवायचं होतं. इद्रिस पेढे आणायला गेटवर गेला होता. सुनीलने सहज विचारल्यासारखं विचारलं, इद्रिसचाचा कसे आहेत कामाला?

कोंडीरामने जुन्या बॉयलरच्या झडपेला हार अडकवला. फुलं सारखी केली.

"मानूस चांगला हाय," तो म्हणाला. "पन काचेतलं पानी त्याला दिसत नाय. दोन वर्सं मीच सांगतो."

सुनीलने मोबाइलवर काहीतरी लिहिलं, पाठवलं, मोबाइल खिशात टाकला.

इद्रिस आला. दारातच थबकला. तिथून बॉयलर चांगला पंधरा पावलं लांब.

"पानी बोटभर उतरलंय रं कोंडीराम," तो म्हणाला. "बंद हाय म्हनून बघायचं पन सोडलंस का?"

इद्रिसने पुडा सोडला. पहिला पेढा सुनीलला दिला, दुसरा कोंडीरामच्या तळहातावर ठेवला.

सोमवारी ऑफिसात इद्रिसने विचारलं होतं की प्रशिक्षण मराठीतून मिळेल का, कोंडीरामला इंग्रजी येत नाही.