नानांकडे येणारे बाण

वजनकाट्याचा आकडा पुन्हा वरच गेला होता. नाना मात्र काट्यावरून अशा थाटात उतरले, जणू तो आकडा शेजाऱ्याचाच होता. मुलाने कपाळाला हात लावला. वजन कमी झाल्याशिवाय गुडघ्याचं ऑपरेशन करणार नाही, असं सर्जननी निक्षून सांगितलं होतं. ऑपरेशन झालं नाही, तर नाना पुन्हा कधी आपल्या पायांनी जिना उतरून रस्त्यावर जाणार नव्हते.

मुलगा शहराच्या आरोग्य खात्यात वजनवाढ याच विषयातला जाणकार होता. अख्खं शहर अंगाने का सुटत चाललंय, याचा त्याने भिंतभर नकाशा काढला होता. रस्ते, दुकानं, कामाचे तास, जाहिराती, अपुरी झोप, सगळ्यांचे चौकोन आणि एकातून दुसऱ्यात घुसणारे बाण. ऑफिसात त्याला बाणवालाच म्हणत. "एकट्या माणसावर खापर फोडू नका, गुन्हेगार कुणीच नसतो, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं," हे तो इतक्यांदा सांगे की शिपायालाही पाठ झालं होतं. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान. घरी आल्यावर त्याला गुन्हेगारच हवा होता.

रविवारी सकाळी त्याने बायकोला आणि मुलीला नानांच्या खोलीत बोलावून पलंगावर बसवलं.

"नानांचं जेवण मी मोजून वाढतोय, तरी वजन वाढतंय. म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. मधल्या वेळेला कोण देतं त्यांना?"

बायकोला खिडकीबाहेरचं झाड एकदम बघण्यासारखं वाटू लागलं. मुलीने मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. चोराच्या मनात चांदणं. शेवटी बायकोच म्हणाली, "दुपारच्या चहाबरोबर बिस्किटं नेते मी. त्यात काय एवढं?"

"आणि मी कॉलेजातून येताना केक आणते," मुलगी म्हणाली. "पण अर्धा तर मीच खाते."

बाणवाल्याला हुरूप आला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्याने मधोमध 'नाना' असा चौकोन काढला. बिस्किटांचा एक बाण आला, केकचा दुसरा.

"बातम्या बघताना नानांजवळ खारे शेंगदाणे घेऊन कोण बसतं?" बायकोने विचारलं.

"ते प्रथिन आहे."

बायकोने त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि तिसरा बाण स्वतः काढला, चांगला जाडजूड. मग जी जुंपली! बिस्किटं हलकी की केक हलका, मैद्याने जास्त बिघडतं की मिठाने. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, या न्यायाने ज्याचा त्याचा बाण निर्दोष सुटत होता. नाना खुर्चीत बसून सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होते. इतकी माणसं एका वेळी त्यांच्या खोलीत बऱ्याच दिवसांत जमली नव्हती, आणि ते अगदी खुशीत होते.

"बास," मुलगा म्हणाला. "उद्यापासून या खोलीत खाण्याची ताटली येणार नाही. कुणाचीच."

सगळ्यांनी माना डोलावल्या. नानांचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. मुलाला ते दिसलं आणि त्याचा पारा चढला.

"नाना, जिभेचे चोचले पुरे झाले. तुम्हाला चालायचंय ना? इतकी भूक लागते कशी?"

"भूक कुठे लागते रे," नाना म्हणाले. "बिस्किटं मला घशाला टोचतात. गोड तर मला आधीपासूनच आवडत नाही."

"मग खाता कशाला?"

नानांनी कॅलेंडर मांडीवर ओढलं, चष्मा नाकावर घेतला आणि एकेका बाणावर बोट ठेवलं.

"तू नावं चुकीची लिहिलीस. इथून बिस्किटं नाही येत, सूनबाई येते. इथून नात येते. आणि या जाड बाणावरून तू येतोस. ताटली नको म्हटली की माणूसही परत जातं."